बर्लिनच्या बेकरीत, सर

शब्बीर सर,

मी पोचले तेव्हा तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते. स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं 'भवानी पेठ, शब्बीर सरांचं घर' एवढंच सांगितलं. "जर्मन सर व्हय? गेले की ते," तो म्हणाला, आणि त्यानं थेट दारात आणून सोडलं. माझ्याकडं एकच बॅग होती आणि तिच्यात तुमच्यासाठी आणलेलं काहीच नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी तुमच्याकडं रिकाम्या हातानं आले.

पेपरमध्ये तुमच्यावर चार ओळी आल्या आहेत. 'ज्येष्ठ जर्मन भाषाशिक्षक' वगैरे. तुमच्या बेगमनं, आमच्या चाचींनी, तो कागद घडी करून कपाटात ठेवलाय, पण मला त्यात तुम्ही कुठं सापडला नाहीत. 'ज्येष्ठ' हा शब्द तुम्हाला कुणी तोंडावर लावला असता तर तुम्ही म्हणाला असता, "बुढ्ढा बोल ना सीधा." म्हणून मी माझंच लिहायला बसले. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय परत विमानात बसायचं नाही असं ठरवलंय.

वर्गाचा पहिला दिवस आठवतो का? मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि डोक्यात हवा होती. खाली चादरींच्या घड्या घालायचं काम चालायचं, आणि त्यावरची ती तुमची लांबट खोली. तुम्ही विचारलंत, "इंग्रजी येते?" मी छाती काढून म्हटलं, "फर्स्ट क्लास." तुम्ही म्हणालात, "मग ती चपलेसोबत बाहेर ठेव." मला वाटलं, विनोद आहे. तो नियम होता. वर्गात मराठी चालेल, माझी घरची तेलुगू चालेल, अक्कलकोटकडच्या पोरांची कन्नड चालेल, तुमची दखनी तर चालायचीच. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की उभं राहायचं, आणि तोच शब्द जर्मनमध्ये किंवा घरच्या भाषेत सांगता येईपर्यंत बसायचं नाही. नुसत्या 'ओके'पायी अर्धा वर्ग उभा असायचा. एकदा तुम्ही स्वतःच 'सॉरी' म्हणालात आणि गुपचूप उठून उभे राहिलात. आम्ही हसून लोळलो. तुम्ही मात्र शब्द शोधून, तो सांगून, मगच बसलात.

शेजारच्या बोळात माग चालायचे, त्या खडखडाटावर आवाज चढवून तुम्ही शिकवायचात आणि आम्हीही ओरडूनच उत्तरं द्यायचो. त्यामुळं तुमचे सगळे विद्यार्थी जर्मन मोठ्यानं बोलतात. बर्लिनला गेल्यावर पहिल्या महिन्यात घरमालकाला वाटलं, मी भांडायला आलेय.

इंग्रजीचा एवढा राग का, हे मी एकदा वकिली थाटात विचारलं. तुम्ही मला 'वकीलसाहिबा' म्हणायचात ते त्या दिवसापासून. तुम्ही रागावला नाहीत, मला ओटोसाहेबांची गोष्ट सांगितलीत. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात जॉबरच्या, म्हणजे माग-मिस्त्रीच्या हाताखाली होतात, माग दुरुस्त करायला शिकत होतात. जर्मनीहून नवे माग आले, आणि ते बसवायला ओटोसाहेब. मालकांनी हिशेब केला, गोरा माणूस म्हणजे इंग्रजी. आणि इंग्रजी बी.ए. झालेला एक कारकून त्यांच्या दिमतीला दिला. पहिल्या दिवशी कारकून अर्धा तास बोलला. ओटोसाहेब नम्रपणे ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी मान हलवली. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते खेड्यातले, मशीनवर वाढलेले. मग तुम्ही पुढं झालात. तुम्हालाही इंग्रजी येत नव्हती. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तुमच्याकडं इंग्रजी म्हणजे ओव्हरटाइम आणि फिटिंग. तुम्ही बोट दाखवायचात, ते शब्द सांगायचे. धागा. तुटला. परत एकदा. आता बरोबर. आठ महिन्यांत तुम्ही त्यांच्याशी भांडू लागलात, आणि कडक भाकरी त्यांना आवडते म्हणून घरून डब्यात आणू लागलात. ते तुम्हाला त्यांच्याकडच्या काळ्या पावाचं वर्णन करून सांगायचे. असाच कडक, पण आंबूस, महिनाभर टिकणारा.

"मेरे कू अंग्रेजी पर गुस्सा नै," तुम्ही म्हणालात, "पण मी इंग्रजीच्या रस्त्यानं गेलो असतो तर ओटोसाहेबापर्यंत पोचलोच नसतो. तो कारकून कुठं पोचला?"

मग मी बर्लिनला गेले आणि आपला वाद सुरू झाला.

दर रविवारी फोनवर तुमचा पहिला प्रश्न असायचा, "बोलतेस ना?" आणि मी चिडायचे. कारण मी जर्मन बोलत नव्हते. माझ्या ऑफिसात आठ जर्मन आणि मी एकटी परकी. मी खोलीत शिरले की आठही जण माझ्यासाठी इंग्रजीत शिरायचे. सौजन्य म्हणून. आधी 'माझं इंग्रजी कच्चं आहे' अशी माफी मागायचे आणि मग आपल्या कुठल्याही प्राचार्याला लाजवेल असं बोलायचे. आणि आपसात बोलतानाही मीटिंग, डेडलाइन, फीडबॅक, टीम. घरून काम करण्याला 'होम ऑफिस'. हातातल्या फोनला 'हँडी'. दुकानांवर 'सेल'. कॉलेजच्या पोरांना सगळंच 'कूल'. एका मित्राच्या सहा वर्षांच्या मुलीनं मला इंग्रजीत विचारलं, तुला आईस्क्रीम हवं का.

मी हे सगळं तुम्हाला ऐकवायचे, जरा चवीनंच. म्हणायचे, "सर, तुमचे जर्मन लोकच चपला घालून आत आलेत." तुमचा विश्वास बसायचा नाही. "ते तुझे हापिसवाले असतील." मग मी पाट्यांचे फोटो पाठवायला लागले. तुम्ही एक लांब रजिस्टर केलंत. डावीकडं माझ्या फोटोतला शब्द, उजवीकडं ओटोसाहेब त्यासाठी काय म्हणायचे तो शब्द. काही ठिकाणी उजवी बाजू कोरी आहे, कारण ती वस्तूच त्यांच्या काळी नव्हती. काल मी ते रजिस्टर चाळलं. शेवटच्या काही पानांवर तुम्ही तिसरा रकाना आखलाय: भवानी पेठेत काय म्हणतात. तिथं जवळजवळ सगळीकडं डावीकडचाच शब्द पुन्हा लिहिलाय. 'सेल' समोर 'सेल'. 'टीम' समोर 'टीम'. हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. वाद मी जिंकले होते की हरले होते, सर?

आणि एक गोष्ट मीही तुम्हाला बोलले नाही. दुपारी जेवायला बसलो की त्या आठ जणांचं इंग्रजी दहा मिनिटांत थकायचं. मग कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी बोलायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचे, अर्धा क्षण मागाहून. इंग्रजीनं मला ऑफिसात आत घेतलं होतं, पण जेवणाच्या टेबलावर मी दारातच होते. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही 'मैं बोल्या था' म्हणाला असता, म्हणून नाही सांगितलं. माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्हाला बोलावलं. चाची म्हणाल्या, "मैं नै आती, वहाँ सर्दी है. तुमीच जावा." तुम्ही एकटे आलात, लग्नातला कोट घालून. विमानतळावरची घोषणा जर्मनमध्ये झाली तेव्हा तुम्ही थांबून पूर्ण ऐकलीत. सामान घेऊन लोक तुमच्याभोवतीनं निघाले होते. "समझ में आया," तुम्ही मला म्हणालात. "सगळं कळलं." सत्तरीचा माणूस, आणि तोंडावर दहावी पास झालेल्या पोराचा आनंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो.

तुम्ही रात्रीच वाक्य जुळवून ठेवलं होतं, मला म्हणून दाखवलं होतं. तो काळा पाव द्या, अख्खा, कापू नका. माझ्या एका जर्मन मित्रानं फार वर्षांपूर्वी मला याच्याबद्दल सांगितलं होतं. तुम्ही काउंटरवर उभे राहिलात, कोटाचं बटण लावलंत, आणि वाक्य म्हणालात. सुरेख म्हणालात. थोडं मोठ्यानं. काउंटरवरच्या पोरीनं हसून इंग्रजीत विचारलं. कापून देऊ का, एवढंच. तुम्हाला कळलं नाही. तुम्ही तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणालात. तिनं पुन्हा इंग्रजीतच विचारलं, आता जरा सावकाश आणि जोरात, बहिऱ्याशी बोलावं तसं. ती पोरगी वाईट नव्हती. ती स्वतः कुठल्या देशाची होती कोण जाणे, तिला तरी जर्मन कितपत येत होतं देव जाणे. बाहेरचा माणूस दिसला की इंग्रजी बोलायचं, हे तिला कुणीतरी शिकवलं असणार. आपल्या कारखानदारांनी तरी ओटोसाहेबांच्या बाबतीत दुसरं काय केलं होतं?

मागं रांग होती. कुणीतरी घड्याळ बघितलं. मला ऑफिसला जायचं होतं. पण खरं कारण तेही नाही, सर. मला लाज वाटली. तुमच्या कोटाची, तुमच्या मोठ्या आवाजाची, आणि आपण दोघं त्या रांगेत जसे दिसत होतो त्याची. मी तुमच्या खांद्यावरून पुढं वाकले आणि त्या पोरीला इंग्रजीत सांगून टाकलं, अख्खा द्या. जर्मनमध्येसुद्धा नाही. इंग्रजीत. तुमच्याच विद्यार्थिनीनं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बाजूला झालात.

घरी येताना एवढंच म्हणालात, "काउंटरवरची पोरगी कष्टाळू आहे." पाव कापलात, चव घेतलीत, म्हणालात, ओटोसाहेब खरं सांगत होते. त्यानंतरच्या आठ दिवसांत कुठल्याही दुकानात तुम्ही मला पुढं केलंत. "तू बोल बेटा, तेरे कू जल्दी होता." मी बोलत राहिले.

तो आठवडा अगदीच वाया गेला नाही, तो खालच्या मजल्यावरच्या आजींमुळं. त्या जिन्यात भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, तुम्ही पिशव्या उचलल्यात. मी संध्याकाळी आले तर दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांचे वडील विणकर निघाले. तुम्ही हातवारे करून मागावर धोटा कसा धावतो ते दाखवत होतात आणि त्या तुमचे शब्द दुरुस्त करत होत्या. तुम्ही निघून गेल्यावर आजी मला म्हणाल्या, तुझे काका माझ्या वडिलांसारखं बोलतात, असे शब्द आता कुणी वापरत नाही. मी तुम्हाला फोनवर हे सांगितलं. तुम्ही म्हणालात, "काका नव्हे, सर म्हणून सांग त्यांना."

त्या आजींशी मी त्यानंतर जर्मनमध्ये बोलायला लागले. ऑफिसातही बोलायला लागले. चुकत, अडखळत. कुणी इंग्रजीत उत्तर दिलं तरी मी जर्मनमध्येच रेटायचे. आज जेवणाच्या टेबलावर मी वेळेवर हसते, कधीकधी मीच हसवते. हे तुमचं देणं आहे आणि हे मी तुम्हाला सांगितलं होतं, तेवढं समाधान आहे. पण हे कशामुळं सुरू झालं, ते नाही सांगितलं. बेकरीचा विषय दोन वर्षांत ना तुम्ही काढलात ना मी. दर रविवारी वाटायचं, आज माफी मागू. मग तुम्ही एखाद्या शब्दावरून वाद उकरून काढायचात आणि मला बरंच वाटायचं.

शेवटच्या फोनवरही आपण भांडलोच. तुमच्या वर्गात आता नर्सिंग झालेल्या मुली येत होत्या, जर्मनीतल्या दवाखान्यांत जायला निघालेल्या. मी म्हटलं, "सर, पुढच्या दहा वर्षांत तिथं नर्सलाही इंग्रजी पुरेल, बघा तुम्ही." तुम्ही म्हणालात, "इसका जवाब है मेरे पास. रविवारी देतो." तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी छातीत दुखलं. दवाखान्यात डॉक्टर तुमच्या उशाशी उभं राहून सगळं इंग्रजीत सांगत होते, आणि तुम्ही समजल्यासारखी मान हलवत होतात, असं चाचींनी सांगितलं. मग चाचींनीच पदर सावरून डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, मराठीत सांगा की. त्यांना जर्मन येते, इंग्रजी येत नाही." डॉक्टर चकित झाले म्हणे. चाचींना सुचलं ते. मला सुचलं नव्हतं.

मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी चाचींनी वर्गाची किल्ली माझ्यापुढं ठेवली. त्या घराबाहेर पडत नाहीत सध्या. "पोरीयां का इम्तिहान है. क्लास बंद नको ठेवूस," म्हणाल्या. मी रजा वाढवली. बारा दिवस झाले, रोज सकाळी मी तुमच्या खोलीत शिकवतेय. अकरा मुली आहेत. नियम तोच चालू आहे आणि सगळ्यांत जास्त वेळ उभी मीच असते.

काल एकीनं विचारलं, "मॅडम, तिथं सगळीकडं इंग्लिशच चालतं म्हणतात. मग आमी कशाला एवढं घोकायचं?" मी काही बोलायच्या आत दुधनीची भाग्यश्री म्हणाली, "अगं, सरांनी सांगितलंय की. ताप चढला, भ्या वाटलं, की म्हातारं माणूस आपल्या आईच्या बोलीत बोलतंय. तवा त्याला इंग्लिश कुटलं आठवतंय?" हेच ते रविवारचं उत्तर होतं की दुसरं काही, हे मला आता कळायचं नाही. मी ते मानून घेतलं.

मग भाग्यश्री मला म्हणाली, "मॅडम, बेकरीतल्या त्या तुमीच का?"

मी विचारलं, "कुठली बेकरी?"

आणि तिनं मला तुमची-माझी गोष्ट सांगितली. तुम्ही प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात सांगायचात म्हणे. तुम्ही बर्लिनला गेलात, पाव मागितलात, काउंटरवरची पोरगी इंग्रजीत बोलायला लागली. तुम्हाला काही कळेना, मागं रांग वाढलेली. तेव्हा तुमची विद्यार्थिनी पुढं झाली आणि त्या पोरीला स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "दास इस्ट माइन लेरर. बिट्टे श्प्रेखन झी डॉइच मिट ईम." हे माझे सर आहेत. यांच्याशी जर्मनमध्ये बोला. मग ती पोरगी लाजली, जर्मनमध्ये बोलली, आणि रांगेतले लोकसुद्धा हसले. "लई अभिमानानं सांगायचे सर," भाग्यश्री म्हणाली. "ते वाक्य आमच्याकडनं पाठ करून घेतलंय त्यांनी. म्हणायचे, कुणाच्या तरी बाजूनं कदीतरी बोलायला लागंल."

सर, मी खुर्चीत बसले.

खोटं बोलायला काय हरकत होती? तुम्ही सगळी सोय करून ठेवली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अकरा जणी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या आणि ते मला सोसेना. मी म्हटलं, "मी तसं बोलले नाही." सगळं सांगितलं. रांग, घड्याळ, लाज, इंग्रजी. तुम्ही बाजूला झालात तेही सांगितलं. सांगताना रडले. माग चालू होते तेवढेच.

मग भाग्यश्री म्हणाली, "मग आता म्हणा की, मॅडम."

तुम्ही मला म्हणायला ठेवलेलं ते वाक्य मी म्हटलं, सर. दोन वर्षं उशिरा. जिला ऐकवायचं ती पोरगी तिथं नव्हती, ज्यांच्यासाठी म्हणायचं ते तुम्हीही नव्हतात. पण मी म्हटलं, आणि मुलींनी शांतपणे ऐकून घेतलं.